तूप प्यालेलं फडकं

मला वाचायला शाळेनं शिकवलं नाही, पत्रकांनी शिकवलं. आमच्या गावच्या शाळेत मुलीचं पाऊल पडत नसे, आणि पडलं असतं तरी पुढं सगळा कारभार उर्दूतच होता. पण आमचा खवा येडशीच्या स्टेशनावरून छोट्या गाडीनं बार्शीला जायचा. बार्शी इंग्रजी मुलखात, आम्ही निजामाच्या. आबा, म्हणजे माझे वडील, भरलेल्या पाट्या घेऊन जात आणि रिकाम्या घेऊन येत. रिकाम्या म्हणजे करोडगिरीच्या नाक्यावर जकात घेणारा शिपाई समजायचा तशा रिकाम्या. पाटीच्या तळाला पळसाची पानं असत आणि पानांखाली निजामाविरुद्धची पत्रकं. शिपायानं पाटी नाकाशी धरावी, खव्याचा वास घ्यावा आणि "जाव" म्हणावं.

त्या पत्रकांवर आबांनी मला अक्षरं गिरवायला लावली. दुसरी मुलं कमळ आणि बदक वाचत असतील. मी पहिला शब्द वाचला तो 'जुलूम'. दुसरा 'बंधूंनो'. तुपाचा डाग पडला की कागद आरपार दिसायचा आणि मागच्या बाजूची उलटी अक्षरं पुढं यायची. त्यामुळं जुलूम दोन्ही बाजूंनी असतो, असं मला बरेच दिवस वाटत होतं.

एकदा त्याच पाटीतून भलतंच पत्रक आलं. महायुद्ध संपलं होतं, सरहद्दीपलीकडं इंग्रज जाणार अशी बोलणी चालली होती, आणि मी मोठ्या आशेनं पान उचलून बघते तो वर म्हशीचं चित्र! 'दूध आणि आरोग्य.' छापणाऱ्याचं नाव असलेला कोपरा फाटून गेला होता.

आबा हसले. "घाईत गठ्ठा बदलला वाटतं. चुलीत टाक."

मी टाकलं नाही. छापलेला कागद चुलीत टाकणं मला तेव्हाही पाप वाटायचं. त्यात लिहिलं होतं, की दुधात डोळ्यांना न दिसणारे जंतू असतात. उकळल्यानं ते मरतात, पण दूध निवताना पुन्हा शिरतात. आणि ऊब, ओल व वेळ मिळाली की वाढत जातात. काही जंतू मेले तरी मागं आपलं विष ठेवून जातात, आणि त्या विषाला वासही नसतो आणि चवही नसते. मी ते पुन्हापुन्हा वाचलं. मला ते आमच्या राज्यकारभाराचंच वर्णन वाटलं. म्हणून जपून ठेवलं.

भट्टी माझ्या आत्याची. खवा न्यायचं काम आबांचं, पण कढईपुढं बसायचा मान आत्याचा. गावातल्या पाच घरांचं दूध तिच्या कढईत पडायचं. खाली बाभळीचा जाळ, हातात लांब दांड्याचं उलथनं, आणि आत्याचं तोंड जाळाच्या झळीनं लाल झालेलं. दूध आटत आटत कढईच्या कडा सोडायला लागलं, की खवा झाला. मग तो गरम गोळा फडक्यात बांधायचा, गच्च गाठ मारायची आणि भट्टीच्या उबेलाच झाकून ठेवायचा. त्यानं खवा लोण्यासारखा मऊ राहतो.

हे फडकं साधं नव्हतं. आमच्याकडच्या सगळ्या भट्ट्यांवर एकच रीत होती. दसऱ्याला तुळजापूरहून आईच्या पायाला लावून आणलेलं कोरं फडकं भट्टीवर चढवायचं आणि पुढच्या दसऱ्यापर्यंत त्याला पाणी दाखवायचं नाही. धुतलं की बरकत वाहून जाते म्हणत. ह्या समजुतीत व्यवहारही होता. कोरं फडकं खव्यातलं तूप पितं, गोळा कोरडा पडतो, बार्शीचा व्यापारी नाक मुरडतो. तेच फडकं महिन्या-दोन महिन्यांत तूप पिऊन तृप्त झालं, की मग खव्यातलं काही घेत नाही, उलट गोळ्याला चकाकी देतं. आमच्याकडं कुणी फार खाऊन आळसावला की म्हणत, "तूप प्यालेलं फडकं झालंय निस्तं." वैशाखात तर ते फडकं कातड्यासारखं जड आणि पिवळंधमक झालेलं असे, आणि आत्या ते खुंटीला टांगताना आधी कपाळाला लावत असे.

दूध घालणाऱ्या पाच घरांत एक घर खालाचं होतं. खाला म्हणजे मावशी, सगळा गाव तिला तसंच म्हणायचा. ती मुसलमान, वेशीजवळ राहायची. तिच्याजवळ तीन म्हशी होत्या, आणि त्या तीन म्हशी म्हणजेच तिचं सगळं घरदार. पहाटे तिची पितळी चरवी भट्टीवर टेकल्याचा आवाज आला, की आत्या न बघता म्हणायची, "आली का मारवाडीन." कारण खाला चरवी उपडी करून शेवटचा थेंब पडेपर्यंत हलायची नाही. खाला म्हणायची, "मेरा थेंब है, तेरे को क्या?" दोघींचं हे रोजचं होतं. मी त्याच थेंबांवर वाढले.

त्या वैशाखात पोलीस पाटलांच्या मुलीचं लग्न निघालं. पेढ्यांसाठी खवा अर्थातच आत्याचा. आदल्या दिवशी भट्टी दिवसभर पेटलेली. दुपारी खवा उतरला, फडक्यात बांधला, झाकून ठेवला. दुसऱ्या दिवशी बायकांनी साखर मळून पेढे वळले. टिळ्याला वाटले, पंगतीत वाटले. आणि वरात निघायच्या वेळेला नवरा मुलगा घोड्यावरून वाकून ओकला. मग त्याचे मामा. मग करवल्या. वाजंत्रीवाले सनई टाकून बांधाकडं पळाले. मरण कुणाला आलं नाही. दुसऱ्या दिवशी सगळे उठून बसले. पण पाटलांच्या व्याह्यांनी जाताना भर मांडवात विचारलं, "लेकीला नांदवायचं होतं का आम्हाला घालवायचं होतं?"

पाटील माणूस कठोर होता, पण त्या दिवशी त्याची मान खाली गेलेली मी बघितली आहे. अशी मान खाली गेलेला माणूस दुसऱ्याची मान शोधतो.

मारुतीच्या पारावर बैठक बसली. पाटील म्हणाले, "साखर बार्शीची. ती तर आमी घरीबी खाल्ली. म्हंजी खव्यात इख. खवा पाच घरच्या दुधाचा. चार घरं आपली." एवढं बोलून ते थांबले आणि उपरण्यानं तोंड पुसलं. "आता ज्यानं त्यानं इचार करा."

खाला पाराखाली उभी होती. "पाटील, तुमच्या पोरीला म्या खांद्यावर खेळवलं. तिच्या लगनात मैं जहर डालूँगी?"

"म्या कुनाचं नाव घेतलं का? म्या निस्तं इचार करा म्हनलो."

विचार कुणी केला नाही. निकाल मात्र लागला: खालाचं दूध भट्टीवर घ्यायचं नाही. पाटलांच्या मेहुण्याला तिच्या म्हशी आवडल्या होत्याच. येत्या गुरुवारच्या बाजारात त्यानं त्या घ्याव्यात आणि खालानं सोलापुरात भावाकडं जावं, असंही कुणीतरी परस्पर ठरवून टाकलं. आत्या बैठकीत एक शब्द बोलली नाही. दुसऱ्या पहाटे चरवी टेकल्याचा आवाज आला नाही. आत्या उलथनं हलवत राहिली आणि त्या दिवशीचा खवा करपला. इतक्या वर्षांत मी तिचा खवा करपलेला कधी पाहिला नव्हता.

त्याच आठवड्यात पत्रकांचे गठ्ठे पोचवणारा एक गृहस्थ बार्शीकडून आला. जेवताना म्हणाला, "मुसलमान बाईनं लग्नात विष घातलं, ही गोष्ट छापायला हवी. लोक पेटून उठतील."

आबांनी घास खाली ठेवला. "खरी हाय का?"

"खरी-खोटी मागनं बघू."

"खोटं छापलं तर ते पत्रक न्हवं, चहाडी हाय," आबा म्हणाले. "आनि चहाडी म्या पाटीत घालनार न्हाय."

मला आबांचा अभिमान वाटला आणि स्वतःची लाज. आबांनी नाही म्हटलं. पण खाला निर्दोष आहे हे कुणी सिद्ध केलं? जुलूम हा मी वाचलेला पहिला शब्द होता, आणि तो आमच्याच वेशीजवळ चालला असताना मी भांडी घासत होते. कढई घासत होते, खरं तर. राखेनं कढईचा तळ घासताना हात थबकला.

खरवड!

खवा उतरला की कढईच्या तळाला जी लालसर, खमंग खरवड उरते ती आळीतल्या पोरांची. ही रीत कुणी मोडत नाही. लग्नाच्या आदल्या दुपारीही पोरं बसली होती, आणि त्यांच्यात सगळ्यांत मोठी निलाजरी मी होते. तीच कढई, तेच पाच घरांचं दूध, खालाची पुरी चरवी त्यात. आम्ही उलथन्यानं खरवडून, बोटं चाटून खाल्ली. एकाही पोराचं पोट दुखलं नव्हतं.

मी राखेच्या हातानंच आत्याकडं धावले. "आत्या, दुधात इख असतं तर आधी आमी मेलो असतो!"

आत्यानं ऐकून घेतलं. आत्या मंद नव्हती. तिच्या डोळ्यांत मला ते उजाडताना दिसलं. मग ती हळूच म्हणाली, "मंग इख आलं कुठनं? कढईतनं पेढ्यात जाताना मधी काय हाय?"

दोघींचीही नजर खुंटीकडं गेली.

"तिकडं बघू नगंस," आत्या म्हणाली.

"आत्या, पत्रकात..."

"तुझ्या पत्रकाला आग लागो. आईच्या पायाला लावलेलं फडकं हाय ते."

मी पत्रक आणून मोठ्यानं वाचलं. ऊब: भट्टीशेजारी झाकलेला गोळा. ओल: गरम गोळ्याला गाठोड्यात सुटलेला घाम. वेळ: एका दुपारपासून दुसऱ्या दुपारपर्यंत. आणि दसऱ्यापासून पाणी न पाहिलेलं, जंतूंना घर झालेलं फडकं. पुढं एक ओळ होती, ती मी वाचून गेले तेव्हा मला तिचं काही वाटलं नाही: हाताला पू झालेली जखम असणाऱ्यानं दुधाच्या पदार्थाला हात लावू नये, कारण तेच जंतू त्यात उतरतात.

आत्यानं उजवा अंगठा मुठीत लपवला. लग्नाच्या आठवड्यात भट्टीत बाभूळ सारताना तिच्या अंगठ्यात काटा मोडला होता आणि तो चांगलाच पिकला होता. एरंडाचं पान बांधून ती खवा घोटत होती, आणि गोळा बांधताना पान सुटतं म्हणून काढून ठेवत होती. जखम अजून पुरती भरली नव्हती.

तिनं मूठ उघडून अंगठा नीट बघितला. मग म्हणाली, "माझ्या अंगठ्याची गोस्ट त्या बाईच्या म्हशी खाती व्हय? जा. पाटलाकडनं दूध आन. आनि खालाकडनंबी."

पाटील दारात सुपारी कातरत होते.

"दूध? कशाला?"

"तुमच्या दुधाचा खवा करनार, आनि खालाच्या दुधाचाबी. दोनीचे दोन-दोन गोळे. एकेक भट्टीच्या फडक्यात, एकेक उकळलेल्या फडक्यात. चारी तुमच्याच टोपल्यात, मारुतीच्या देवळात ठेवा, कुलूप तुमचं. कुठला गोळा बिघडंल ते म्या आज सांगून ठेवते."

पाटलांनी अडकित्ता थांबवला. "भविष्य सांगतीस व्हय? पोपट कुठं हाय तुझा?"

ओट्यावरचे लोक हसले. मीही हसले, कारण हसलं की दूध मिळतं हे मला दिसत होतं.

"कुनी शिकिवलं हे?"

"पत्रकात वाचलं."

हशा थांबला. पाटील सरकारी माणूस. "कसलं पत्रक?"

"म्हशीचं," मी म्हणाले, आणि कमरेचं पत्रक काढून चित्र दाखवलं. पाटलांनी ते उलटंसुलटं बघितलं. निजामाविरुद्ध त्या म्हशीनं काही केल्याचं दिसत नव्हतं. त्यांनी दूध दिलं.

खालाकडं गेले तर ती म्हशींना धूत होती. विकायच्या जनावराला धुतात तसं. मी सगळं सांगितलं. ती म्हणाली, "बेटी, नक्को. हरलीस तर तुझं नाव जाईल, मेरा तो गयाच है." मी म्हणाले, "खाला, चरवी भरा." तिनं भरली, आणि पहिल्यांदाच शेवटच्या थेंबाची वाट न बघता माझ्या हातात दिली.

रविवारी दोन्ही दुधं वेगवेगळी आटवली. भट्टीच्या फडक्यातले गोळे आत्यानं नेहमीसारखे गरमागरम, हातानं दाबून बांधले. त्या एकाच लांब फडक्याच्या एका टोकाला पाटलांचा, दुसऱ्या टोकाला खालाचा. उरलेले दोन मी केले. खवा ताटात पसरला, ताट गार पाण्याच्या परातीत ठेवून निववला, आणि उकळून कडक उन्हात वाळवलेल्या फडक्यांत बांधला. हात लावला नाही. उकळत्या पाण्यातून काढलेल्या उलथन्यानंच सगळं केलं. पाटलांच्या गोळ्यांना लाल दोरा, खालाच्यांना पांढरा. टोपलं पारावर आणलं तेव्हा मी सगळ्यांसमोर ओरडून सांगितलं: "जुन्या फडक्यातले दोनी बिघडतील, म्हशी कुनाच्याबी असू द्या! उकळलेल्या फडक्यातलेबी कधीतरी बिघडतील, पन या दोघांच्या लई नंतर!"

"आनि न्हाय बिघडले तर?" पाटलांचा मेहुणा म्हणाला.

"तर गुरवारी खालाच्या म्हशी म्या सोता हाकत बाजारात आनते."

ही पैज मी आत्याला विचारून लावली नव्हती. खालाला विचारून तर नाहीच.

सोमवारी दुपारी टोपलं उघडलं. सगळा गाव पाराभोवती. खाला लांब, लिंबाखाली. मी गाठी सोडल्या. चारही गोळे चांगले दिसत होते. उलट जुन्या फडक्यातले जास्त चांगले: तुकतुकीत, मऊ. माझे दोन पांढरेफटक, वरून थोडे खरबरीत.

पाटलांनी एकेक गोळा नाकाशी नेला. "वास न्हाय. कशालाच न्हाय." मग माझ्याकडं बघून, चिडून नव्हे, जरा कीव करून म्हणाले, "पोरी, पोपट खोटं बोलला."

मेहुणा म्हणाला, "आगं, देवीचं फडकं ते! देवीच्या फडक्यात काय बिघडतंय?" लोक माना हलवायला लागले. लिंबाखाली खालानं पदर डोळ्यांवर ओढला.

त्या क्षणी मला पत्रकातली ओळ आठवली, ती मला राज्यकारभाराची वाटली होती ती. त्या विषाला वास नसतो. लग्नातल्या पेढ्यांनाही वास कुठं होता? वास असता तर वऱ्हाडानं खाल्ले असते का?

मी उजळलेल्या तोंडानं लाल दोऱ्याचा तुकतुकीत गोळा उचलला आणि पाटलांपुढं धरला. "बरं. पाटील, ह्यो तुमच्याच म्हशीच्या दुधाचा. तुमच्याच मानलेल्या फडक्यातला. तुमच्याच कुलपातला. ह्येच्यात खालाचा थेंब न्हाय. खावा."

मग पांढऱ्या दोऱ्याचा, उकळलेल्या फडक्यातला, खालाच्या दुधाचा गोळा फोडून मी मोठा घास तोंडात टाकला. चावत उभी राहिले. खरं सांगायचं तर पाटलांचा हात पुढं आला असता, तर मीच तो गोळा हिसकून मातीत टाकला असता. माणसाला ओकायला लावून मला जिंकायचं नव्हतं. पण हात पुढं येणार नाही हे मला त्यांच्या डोळ्यांत दिसलं. नवरदेव घोड्यावरून वाकला होता तेव्हा त्याचा फेटा त्यांनीच तर धरला होता.

पारावरच्या सगळ्या माना पाटलांकडं वळल्या.

पाटील गोळ्याकडं बघत होते. मग त्यांनी घसा खाकरला. "आज सोमवार हाय. उपास हाय माझा."

मागून एक म्हातारी तोंडातला तंबाखू सांभाळत म्हणाली, "आवं पाटील, खवा उपासाला चालतो की!"

गाव जो हसला! पारावरचे कावळे उडाले. मेहुणा हसू लागला आणि मग आपण कुणाला हसतोय ते कळून थांबला. मी मेहुण्याकडं गोळा वळवला. "दाजी, तुमी घ्या. तुमचा उपास नसंल." तो असा मागं सरला की त्याची एक वहाण पाराच्या पायरीवरच राहिली.

हशा ओसरला तेव्हा आत्या पुढं आली होती. बैठकीत मुकी बसलेली माझी आत्या. तिनं उजवा अंगठा वर धरला, सगळ्यांना दिसेल असा. "लगनाच्या खव्याला ह्यो अंगठा लागला व्हता. पू भरलेला. आनि हे फडकं. खालाचं दूध म्या उकळून उकळून आटवलं, त्येच्यात काय जगत नसतंय. जे घातलं ते मागनं, आमी घातलं. माझी भट्टी बंद करायची तर करा. तिच्या चरवीला बोल लावू नगा."

पाटलांनी गोळे पुन्हा बांधायला लावले आणि टोपल्याला कुलूप घातलं. "उद्या बघू," म्हणाले. पण आवाज कालचा नव्हता.

मंगळवारी बघायची गरजच पडली नाही. देवळाचं दार उघडलं तसा आंबूस भपका पायरीपर्यंत आला. जुन्या फडक्यातले दोन्ही गोळे, लाल आणि पांढरा, चिकट झाले होते. पाटलांनी काडीनं टोचलं तर काडीबरोबर तार आली. उकळलेल्या फडक्यातले दोन्ही कालच्यासारखेच होते. पाटलांची म्हैस आणि खालाची म्हैस एका ओळीत निर्दोष, आणि एका ओळीत सारख्याच अपराधी. यापेक्षा सुंदर पत्रक मी कधी वाचलेलं नाही, आणि ते छापलेलं नव्हतं.

मी मात्र ठणठणीत होते. उलट मंगळवारी मला नेहमीपेक्षा जास्त भूक लागली होती.

पाटील एवढंच म्हणाले, "म्हशी बाजारात न्यायची गरज न्हाय." माफीचा शब्द त्यांच्या तोंडून निघाला नाही, आणि त्याची वाट बघायला खाला थांबलीही नाही. ती घराकडं निघाली होती. धारेची वेळ झाली होती आणि तिच्या म्हशी हंबरत होत्या.

आत्यानं त्याच दुपारी मोठ्या घंगाळात पाणी उकळलं. फडकं हातात घेऊन उभी राहिली. कपाळाला लावलं. "आईला नवं लुगडं नेसवतो आपन, मळकं न्हाय," ती स्वतःशीच म्हणाली, आणि ते पाण्यात सोडलं. पाण्यावर तुपाचा एवढा थर आला की आळीतल्या कुत्र्यांनी दिवसभर दार सोडलं नाही. त्या दिवसापासून आमच्या भट्टीवर रोज दोन फडकी कुंपणावर वाळत असायची. खवा आधी ताटात निवायचा. हाताला कापलं असेल तर त्या दिवशी उलथनं दुसऱ्याच्या हातात. तूप प्यायला मागणाऱ्या कोऱ्या फडक्यावर आत्यानं स्वतःच तोड काढली: उकळून वाळवलेल्या फडक्यावरून ताज्या, कढत तुपाचा हात फिरवायचा, मग खवा बांधायचा. चकाकी तीच. बार्शीच्या व्यापाऱ्याला फरक कळला तो एवढाच, की आमचा खवा आता दुसऱ्यांच्यापेक्षा जास्त दिवस टिकतो.

मग मी माझं पहिलं पत्रक लिहिलं. हातानं, बोरूनं, रात्रंदिवस डोक्यात घोळवून. सुरुवात 'बंधूंनो' अशी करणार होते. पण भट्टीपुढं बंधू कुठं असतात? मी लिहिलं, 'आयाबायांनो.' पुढं लिहिलं की जंतूंना जात नसते, त्यांना फक्त ऊब, ओल आणि वेळ लागतो. फडकं उकळा, खवा निववा, आणि शेजारणीच्या चरवीकडं बोट दाखवण्याआधी आपला अंगठा बघा. आबांनी नकला पळसाच्या पानांखाली घातल्या, सवयीनं. वाटेतल्या भट्ट्यांवर वाटत गेले. एकदा नाक्यावरच्या शिपायानं पान उचललंच. शिपायानं कारकुनाकडून वाचून घेतलं, विचार केला, आणि एक नक्कल घडी करून खिशात घातली. त्याच्या घरीही म्हैस होती.

राज्य बदलायला अजून वेळ होता, आणि ते बदललं तेव्हा मी पुष्कळ पत्रकं लिहिली होती. पण विजय कशाला म्हणतात हे मला विचाराल, तर मी फडकं उकळल्याच्या दुसऱ्या दिवशीच्या, त्या बुधवारच्या पहाटेचं सांगेन. अंधुक उजेड, बाभळीचा धूर, आत्या कढईपुढं. आणि दाराशी पितळी चरवी टेकल्याचा आवाज.

आत्यानं वळून बघितलं नाही. "आली का मारवाडीन."

खालानं चरवी कढईवर उपडी केली आणि शेवटचा थेंब पडेपर्यंत तशीच धरून उभी राहिली. तेवढ्यात पाटलांचा गडी आला. लेक पहिल्या सणाला माहेरी यायची आहे, व्याह्यांकडं पाठवायला पेढे करायचे आहेत, खवा तुमच्याचकडचा पाहिजे, पण पाटलांनी विचारलंय, फडकं उकळलेलं आहे ना?

"उकळलेलं हाय म्हनावं," आत्या म्हणाली. "आनि दूध पाच घरचं हाय, खालाच्या घरासकट, हेबी सांग. आनि पाटलास्नी इचार, त्या दिशी उपास तर न्हाय ना?"

खाला अशी हसली की चरवी तिच्या हातात हलली, आणि तो शेवटचा थेंब कढईत न पडता जाळावर पडला. चर्र झालं. तिला त्याचं काही वाटलं नाही.